शंभरातले पोहोचतात किती?

प्रश्न दारातच येतो. कधी चहाचं आधण ठेवायच्या आधी, कधी चेकवर सही करता करता पेन मध्येच थांबवून. "सगळं ठीक आहे हो, पण आम्ही शंभर रुपये दिले तर त्यातले तिथे खरंच पोहोचतात किती?"

विचारणारा माणूस वाईट नसतो. बहुतेकदा तो देतोच. पूर्वी कुणाला तरी दिलेले असतात, त्याचं पुढे काय झालं ते कळलेलं नसतं, म्हणून विचारतो. मी आयुष्यभर बँकेत काढलं, तेव्हा पैशाचा माग विचारणाऱ्यावर मला रागावता येत नाही. पण या प्रश्नाचं मी देत असलेलं उत्तर गेल्या काही वर्षांत बदललंय, आणि ते दारात उभं राहून सांगण्याइतकं छोटं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून बसून लिहिते.

आधी आमचं काम. मी डोंबिवलीची. मोखाडा तालुक्यातल्या पाड्यांवर काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेची खजिनदार. कसारा लोकल धरायची, शेवटच्या स्टेशनला उतरायचं, तिथून जीपने विहीगाववरून खोडाळा, आणि पुढे ज्या पाड्यावर जायचं असेल तिकडे. पावसाळ्यात हा सगळा भाग असा हिरवागार की सहलीला आलेली माणसं वेडी होतात. मुंबईच्या नळाला येणारं वैतरणेचं पाणी याच डोंगरांतलं. आणि एप्रिलमध्ये तिथल्याच बायका तळ गाठलेल्या विहिरीत वाटीने पाणी भरत असतात. १९९२-९३ साली जव्हारच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंच्या बातम्या पेपरात आल्या तेव्हा हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. जिल्ह्याचं ठिकाण बदललं, दिवाळीनंतर वीटभट्टीला जाणाऱ्या बिऱ्हाडांची वाट मात्र तीच राहिली.

आमची संस्था करते एवढंच: गावातल्याच चार बायका लांबच्या पाड्यांवर घरोघर जातात. बाळाचं वजन घेतात, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाला रंगीत पट्टी लावतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला तर पट्टी लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. मग आईशी बोलायचं, तिच्या सासूशी त्याहून जास्त बोलायचं, आणि गरज असेल तर पोराला घेऊन जव्हारच्या सरकारी दवाखान्यापर्यंत सोबत जायचं. अंगणवाडी आहे, सरकारी योजना आहेत, त्या चांगल्याही आहेत. पण अंगणवाडी एका पाड्यात आणि लाल पट्टीवालं पोर ओढ्यापलीकडच्या दुसऱ्या पाड्यात, असं असतं. मधलं अंतर कुणीतरी चालायचं असतं.

तर, "शंभरातले किती?" पहिली पाच वर्षं मी ताठ मानेने सांगायचे: नव्वद. समोरच्याचा चेहरा खुलायचा. मलाही बरं वाटायचं. अहवालाच्या मलपृष्ठावर आम्ही ते ठळक छापायचो.

हे नव्वद कसे यायचे ते आता सांगते. हिशेब मी लिहायचे, फुकट. ऑडिट ओळखीतले सीए करायचे, नावापुरती फी घेऊन. ऑफिस म्हणजे माझं डायनिंग टेबल आणि पंख्याखाली उडणाऱ्या पावत्यांवर ठेवलेला खलबत्ता. पावतीपुस्तकं छापून द्यायचा एक प्रेसवाला मित्र. जीपचं भाडं आम्ही विश्वस्त खिशातून द्यायचो आणि कुठे लिहायचो नाही. आणि त्या चार बायकांना आम्ही महिन्याला द्यायचो चार हजार रुपये, त्याला पगार न म्हणता 'मानधन' म्हणायचो. मराठीत हा फार सोयीचा शब्द आहे. मान दिला की धन कमी दिलं तरी चालतं.

त्यातली एक बाई (नाव लिहीत नाही, ती ओळखेल) आमची सगळ्यात तयार. सातवी शिकलेली. कुठल्या घरात कुणाचं कुणाशी बोलणं नाही, कुठल्या घरी भगताला, म्हणजे गावच्या मांत्रिकाला, आधी विश्वासात घ्यायचं, हे तिला ठाऊक. काट्यावर बाळ ठेवताना ते रडू नये म्हणून ती काट्याची झोळी आधी उन्हात धरून कोमट करायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या कुठल्याच अहवालात ते आलेलं नाही, कारण त्याला रकाना नव्हता.

एका दिवाळीच्या आधी ती म्हणाली, "बाई, उचल घेतलीय." उचल म्हणजे भट्टीवाल्याने पावसाळ्यात, घरात काही नसताना दिलेली आगाऊ रक्कम. ती फेडायला नवराबायकोने दिवाळीनंतर भट्टीवर जायचं आणि पाऊस तोंडावर आला की परतायचं. नवऱ्याचं आजारपण झालं होतं, उचल घेण्यावाचून इलाज नव्हता. मी तिला विचारलं, आमच्याकडे का नाही मागितलंस? ती नुसती हसली. नंतर माझं मलाच कळलं. आमच्याकडे मागायची सोय कुठे होती? आमच्या नव्वद टक्क्यांत अडीअडचणीचा एक रुपया ठेवलेला नव्हता.

ती गेली. पोटच्या दोन मुलांना घेऊन भिवंडीकडच्या भट्टीवर गेली. दुसऱ्यांच्या मुलांची वजनं घेणारी बाई स्वतःची मुलं घेऊन विटा थापायला गेली. तिच्या तीन पाड्यांत सात महिने एकही वजन घेतलं गेलं नाही. दुसरी बाई शोधून तयार करायला तेवढा वेळ लागतोच. त्या सात महिन्यांत तिथे काय झालं याचे माझ्याकडे आकडे नाहीत. आकडे घेणारीच नव्हती.

आणि त्या वर्षीच्या अहवालावर आम्ही छापलं होतं: ९२ टक्के. एका बाईचं मानधन वाचलं होतं ना.

त्या रात्री मी हिशेबाची वही काढून बसले. बँकेत असताना एखादी शाखा खर्च फारच कमी दाखवायला लागली की आम्ही आधी तिथला कर्मचारी वर्ग बघायचो: कुणाच्या जागा रिकाम्या आहेत, कुणाकडून जादा काम चाललंय. इथे मी तेच करायला विसरले होते. आमचा कारभार स्वस्त होता, कारण त्याची किंमत दुसरंच कुणीतरी मोजत होतं. आम्ही विश्वस्तांनी थोडी मोजली, हौसेने. तिने पुष्कळ मोजली, नाइलाजाने. म्हणजे डोंबिवलीच्या देणगीदाराला खूश ठेवायला मोखाड्याची बाई वर्गणी भरत होती.

गडचिरोलीचं उदाहरण तुम्हाला माहीत असेल. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने तिथल्या ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची काळजी घरच्या घरी घेतली. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. शेजारच्या गावांशी तुलना करता नवजात बालकांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला होता आणि एका बाळामागे खर्च होता सुमारे ५.३ डॉलर. त्या बायकांच्या पिशवीत काय होतं? वजनकाटा, थर्मामीटर, बाळाला उबेत ठेवायची पिशवी, श्वास द्यायची साधी पिशवी-मुखवटा, जंतुसंसर्गावरचं इंजेक्शन. या वस्तू कुणीही विकत घेऊन वाटू शकतो. इंजेक्शन कधी द्यायचं हे ओळखणारी बाई वाटता येत नाही. तिला शिकवावं लागतं, पुन्हा पुन्हा तपासावं लागतं, आणि ती टिकेल इतके पैसे द्यावे लागतात. पुढे २०११ पासून आशाताईंच्या कामात बाळाच्या घरी जायच्या भेटी आल्या, दवाखान्यात जन्मलेल्याला सहा, घरी जन्मलेल्याला सात. त्या सगळ्या भेटींचे मिळून आशाला २५० रुपये ठरले. आकडा वाचून मला आमचे चार हजार आठवले आणि मी कुणाला नावं ठेवायच्या भानगडीत पडले नाही.

मग 'पोहोचणं' म्हणजे काय? देणाऱ्याच्या मनात एक चित्र असतं. वस्तू इथून निघाली, तिथल्या हातात पडली, फोटो आला. म्हणून लोकांना वस्तू द्यायला आवडतं. दप्तरं, ब्लँकेटं, दिवाळीचा फराळ. जुने कपडे तर इतके येतात की एक वर्ष माझ्या बाल्कनीत उभं राहायला जागा नव्हती. त्यात एक शेरवानी होती. एप्रिलमध्ये कुणाला पाठवू?

एकदा एका सद्गृहस्थांनी तान्ह्या बाळांच्या दुधाच्या पावडरीचे डबे आणून दिले, गाडी भरून. इतक्या प्रेमाने आणले होते. मला ते परत न्या म्हणावं लागलं. आपल्याकडे १९९२ चा कायदाच आहे, अनाथाश्रम सोडला तर तान्ह्या बाळांचं पर्यायी दूध नि बाटल्या अशा दान देता येत नाहीत. कारणही साधं आहे. पाणी गढूळ, उकळायला सरपण नाही, डबा पुरवायचा म्हणून पावडर पातळ कालवायची, आणि तोवर आईचं दूध आटलेलं. ते गृहस्थ दुखावले. "गरिबाला दूध दिलं तरी तुमचं नाही!" म्हणाले. पुन्हा आले नाहीत.

जीपच्या डिझेलसाठी मात्र आजवर एकानेही गाडी भरून काही आणलं नाही. डिझेलचा फोटो चांगला येत नाही.

आणि गंमत बघा, गणपतीची वर्गणी देताना आपण विचारतो का, मांडवाला किती, स्पीकरला किती, नि बाप्पापर्यंत किती? तिथे गल्लीची भीड असते. देणगीला मात्र सत्पात्री दानाची कसोटी. मला कसोटी मान्य आहे. ती लावायची कशाला, एवढाच वाद आहे.

फसवणूक होते, हे मी नाकारत नाही. मलाच एक फोन आला होता: "मॅडम, दोन लाखांची ८०जी ची पावती द्या. पाच टक्के तुम्ही ठेवा, बाकी रोख परत." (८०जी म्हणजे देणगीवर आयकरात सवलत देणारं कलम.) असे धंदे चालतात, आणि अशा संस्थेच्या कागदावर 'शंभरातले शंभर पोहोचले' असंसुद्धा दाखवता येतं! म्हणून टक्क्यापेक्षा ऑडिटचा अहवाल मागा, धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी बघा, आणि जमलं तर एकदा जाऊन या. नवीन करप्रणालीत देणगीवरची ही सवलत नाही, ती प्रणाली आल्यापासून आमचा मार्च पूर्वीसारखा राहिलेला नाही. पण हे असले फोनही कमी झालेत, तेवढाच दिलासा.

परदेशातून पैसे पाठवू का, असंही कुणी कुणी विचारतं. माझा पहिला प्रश्न असतो: पासपोर्ट कुठला? नणंदेचा मुलगा न्यू जर्सीत आहे. भारतीय नागरिक होता तोवर तो स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवायचा, ते चालत होतं. तिथलं नागरिकत्व घेतलं आणि तो कायद्याच्या भाषेत 'विदेशी स्रोत' झाला. आता त्याच्याकडून घ्यायचे तर परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी हवी, दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं हवं. आमची नोंदणी नाही. माझ्या हातचे लाडू खाऊन वाढलेला पोरगा, आणि त्याचे पन्नास डॉलर मला घेता येत नाहीत.

याच कायद्यातली एक गोष्ट मला आवडली. २०२० पासून प्रशासकीय खर्चावर वीस टक्क्यांची मर्यादा आहे, पण दवाखान्यातल्या डॉक्टरचा नि शाळेतल्या शिक्षकाचा पगार त्यात धरत नाहीत. नियम लिहिणाऱ्यालाही कळलं होतं की शाळा म्हणजे शिक्षक. मग पाड्यावरची आमची बाई म्हणजे काय?

हे सगळं विश्वस्तांच्या बैठकीत मांडलं तेव्हा दोघे माझ्याशी सहमत नव्हते. त्यांचं म्हणणं, पगार वाढवला तर अहवाल कोण बघेल, लोक देणं बंद करतील. ते अगदीच चुकीचं नव्हतं. आम्ही बायकांचं मानधन नऊ हजारांवर नेलं, 'मानधन' शब्द खोडून 'पगार' लिहिला, अडीअडचणीला बिनव्याजी उचल देता यावी म्हणून एक छोटी रक्कम बाजूला ठेवली, जीपचं भाडं वहीत लिहायला लागलो. मलपृष्ठावरची टक्केवारी काढून टाकली. त्या वर्षी तीन जुने देणगीदार सुटले. एकाने पत्रात लिहिलं, "संस्था मोठी झाली की असंच होतं." चार बायका आणि माझं डायनिंग टेबल, एवढी मोठी!

ती बाई परत आली नाही. उचल फिटली नाही, दुसऱ्या वर्षी पुन्हा जावं लागलं. मागच्या जूनमध्ये ती खोडाळ्याच्या बाजारात भेटली. मी नवा पगार सांगितला. ती म्हणाली, विचार करते. तिच्या जागी आलेली मुलगी हुशार आहे, पण झोळी उन्हात धरायची कल्पना तिला नव्हती. ती मी सांगितली.

तर शंभरातले किती? गेल्या वर्षीचं सांगते. सुमारे पासष्ट रुपये चार बायकांच्या पगाराला आणि त्यांच्या शिकवणीला. पंधराएक जीप आणि दवाखान्याच्या फेऱ्यांना. दहा वजनकाटे, पट्ट्या, नाचणीचं पीठ, गूळ, शेंगदाणे यांना. उरलेले ऑडिट, छपाई, बँकेचे चार्जेस आणि अडीअडचणीची रक्कम. यातलं पोहोचलं कुठलं नि वाटेत राहिलं कुठलं, ते तुम्ही ठरवा. वही माझ्याकडे आहे, कधीही येऊन बघा. टेबलावरचा खलबत्ता तेवढा उचलून बाजूला ठेवावा लागेल.

आत्ता खात्यात पाच महिन्यांचे पगार आहेत.