कानातलं पाणी वाढलं की चक्कर का येते?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी श्रवण तपासणीचं काम करते. तपासणी संपवून निघताना बरेच जण दारातच थबकतात आणि विचारतात, "कानातलं पाणी वाढलंय म्हणतात, ते काढून का टाकत नाहीत? आणि दुखणं कानाचं, मग माझं डोकं का गरगरतं?"

आधी पाण्याबद्दल. आंघोळीचं किंवा पोहताना गेलेलं पाणी कानाच्या पडद्याच्या अलीकडेच राहतं. सर्दीत पडद्यामागे साचतो तो द्राव मध्यकर्णातला, तोही वेगळा. आपण बोलतोय ते अंतर्कर्णातल्या एंडोलिम्फ नावाच्या द्रवाबद्दल. ते तिथेच तयार होतं, तिथेच शोषलं जातं आणि सगळं मिळून जेमतेम थेंबभर असतं. कानात घालायचे थेंब तिथवर पोचतच नाहीत.

या द्रवात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम अगदी थोडं. त्याच्या पातळ पिशवीबाहेर पेरिलिम्फ हा दुसरा द्रव असतो, त्यात नेमकं उलट. या फरकावरच कानातल्या केसपेशी चालतात. आवाजाने किंवा डोक्याच्या हालचालीने पेशीवरचे केस वाकले, की पोटॅशियम आत शिरतं आणि मज्जातंतूला संदेश जातो. ऐकण्याची शंखासारखी नळी आणि तोल सांभाळणाऱ्या नलिका या एकाच पिशवीचे भाग आहेत. म्हणून द्रव वाढला, पिशवी फुगली, की तक्रार दोन्हीकडून येते.

ऐकण्याच्या बाजूने सुरुवात बहुतेक वेळा खालच्या स्वरांपासून होते. शंखाच्या टोकाशी, जिथे जाड, खर्जातले आवाज ओळखले जातात, तिथला आतला पडदा रुंद आणि सैल असतो आणि फुगवट्याचा परिणाम तिथे लवकर दिसतो. ऑडिओग्रामवर, म्हणजे श्रवण तपासणीच्या आलेखावर, हे स्पष्ट उमटतं. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा आलेखाची रेघ उजवीकडे, उंच स्वरांकडे घसरते. इथे डावीकडचे २५०, ५०० हर्ट्झचे बिंदू खाली बसलेले असतात आणि रेघ उजवीकडे वर चढते. काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली, तर कधी कधी तेच बिंदू पुन्हा वर आलेले असतात. असे दोन कागद शेजारी ठेवले की डॉक्टरांना निदानाला मोठा आधार मिळतो. म्हणूनच मी आग्रहाने सांगते, कानात दडे बसलेत, घूंऽऽ असा आवाज येतोय, नेमक्या त्याच दिवशी तपासणीला या. बरं वाटू लागल्यावर आलात, तर कागद बिनदोष निघू शकतो आणि घरचे म्हणतात, "सगळं मनाचं आहे." मनाचं नसतं ते. काहींना फोनची एकच रिंग दोन कानांत दोन वेगळ्या पट्टीत ऐकू येते. हे सांगायला माणसं संकोचतात. कृपा करून सांगा.

आता चक्कर. दोन्ही कान मेंदूला सतत संदेश पाठवत असतात, डोकं स्थिर असतानाही. एका कानाचा संदेश अचानक बिघडला, की मेंदू त्या फरकाचा अर्थ 'आपण फिरतोय' असा लावतो. डोळे आपोआप झटके देऊ लागतात, खोली फिरते, उलट्या होतात. पिशवीचा पडदा फाटून पोटॅशियम बाहेर सांडतं आणि मज्जातंतू आधी खवळतो, मग गप्प होतो, असा एक सिद्धांत आहे. पण मृत्यूनंतर तपासलेल्या काही कानांत फुगवटा सापडला आणि त्या माणसांना हयातीत चक्कर कधी आलेलीच नव्हती. म्हणजे सगळा दोष एकट्या पाण्यावर टाकता येत नाही.

चकरेच्या अशा झटक्यांचं मूळ मेंदूत नसून कानात असू शकतं, हे पॅरिसच्या प्रॉस्पर मेनियर यांनी १८६१ साली मांडलं. पिशवीचा फुगवटा सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला मात्र १९३८ उजाडलं. या त्रासाला त्यांच्याच नावावरून मेनियरचा आजार म्हणतात. त्यात झटका साधारण २० मिनिटं ते १२ तास टिकतो. अंथरुणात कूस बदलताना काही सेकंद गरगरत असेल आणि ऐकणं ठीक असेल, तर बहुधा अंतर्कर्णातले बारीक खडे जागेवरून सरकलेले असतात. त्यावर डोकं ठरावीक क्रमाने वळवण्याचा साधा उपचार आहे. बोलणं अडखळलं, एकाचं दोन दिसू लागलं, हातपाय लुळा पडला, तर कानाचा विचार बाजूला ठेवून ताबडतोब हॉस्पिटल गाठा. एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं, तरीही त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. स्टिरॉइडचा उपयोग होतो तो लवकर सुरू केलं तर.

पाणी सुईने ओढून काढता येत नाही. मीठ कमी करायला सांगतात, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या देतात. बीटाहिस्टीन हे चकरेवरचं औषध सर्रास दिलं जातं, पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत ते नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. झटके थांबेनात तर कानाच्या पडद्यातून स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. जेंटामायसिन हे प्रतिजैविकही तसंच देतात, ते मात्र त्या बाजूची तोलाची यंत्रणाच दुबळी करतं आणि ऐकण्यालाही धोका असतो, म्हणून ते पुढच्या टप्प्यावर.

बऱ्याच जणांचे झटके वर्षांगणिक विरळ होत जातात, ऐकणं मात्र खाली बसतं ते बसतंच. अशांच्या श्रवणयंत्रात मी दोन प्रोग्रॅम भरून देते, एक एरवीसाठी आणि एक दडे बसलेल्या दिवसासाठी. बटण दाबून ते स्वतःच बदलतात.