मळीची दहा मिनिटं

कोल्हापूर, डिसेंबर. रात्री साडेनऊ.

‘थोडं जास्त करा, यश मिळेल’ हे ऐकायला गोड, पण अर्धवट. जास्त करायचं ते कुठं? ते समजून घ्यायला गुऱ्हाळ बरं.

पहिलं जादा काम रानातच. ऊस तोडताना वाढ्याबरोबर (वरच्या हिरव्या पाल्याबरोबर) शेंड्याकडची दोन-तीन कांडीही सोडायची. वजन घटतं म्हणून जीवावर येतं. पण शेंड्यात साखर कमी, आणि त्याच्या रसानं गूळ मऊ पडतो. तोडलेला ऊस त्याच दिवशी गाळायचा. पडून राहिला की साखर फुटायला लागते, मग गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, कितीही मुरलेला असो, रवा (गुळाची ढेप) घट्ट बसत नाही.

पुढं काहिल, म्हणजे रस आटवायची मोठी कढई. रस 80-85 अंशांवर आला की वर जाड, काळपट मळी, म्हणजे रसातली घाण, जमते. रानभेंडीचं चिकट पाणी घातलं की बारीक गाळही तिला धरून वर येतो. खरी कसोटी इथं. चुलाणात चिपाडं (रस काढलेल्या उसाचा चोथा) टाकणाऱ्यानं हात आवरायचा, आच मंद ठेवायची, मळी झाऱ्यानं निपटून काढेपर्यंत रसाला उकळी येऊ द्यायची नाही. घाईनं उकळी फुटली की मळी तुटून रसात मिसळते आणि पुन्हा झाऱ्याला सापडत नाही. गूळ काळवंडतो, पावसाळ्यात पाझरतो. वाचली किती, तर दहा मिनिटं. नंतर तासभर ढवळलं तरी ती भरून निघत नाहीत.

रसात घालायच्या चुन्याचंही तसंच. कमी पडला तर गूळ ढिला, जास्त झाला तर काळा. आणि 118 अंशांच्या आसपास गार पाण्यात टाकलेल्या पाकाची गोळी वळली की काहिल उतरवायचीच. ‘अजून थोडं’ म्हटलं की करपलंच. म्हणजे काही ठिकाणी जादा कष्ट हेच नुकसान.

(मळी काढण्यात कसर ठेवून हायड्रॉस या रसायनानं पिवळा रंग आणणारेही आहेत. तो रंग साठवणीत उतरतो. गिऱ्हाईक फसतं, पण एकदाच.)

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला हेच लावून बघितलं. रात्री बारानंतरचा जादा तास म्हणजे करपलेला पाक. मळीची दहा मिनिटं वेगळी: धडा संपला की पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. अडलं तिथं लाल खूण, आणि दुसऱ्या दिवशीची सुरुवात त्या खुणेपासून. कंटाळवाणं आहे. वाचत राहिलं की सगळं येतंय असं वाटतं, कागदावर मात्र भोकं दिसतात. म्हणून तर बहुतेक जण हे टाळतात.

सराव प्रश्नपत्रिकेनंतर तीन रकान्यांची वही. पहिल्यात चुकलेला प्रश्न. दुसऱ्यात चूक का झाली ते एकाच शब्दात: माहिती, वाचन किंवा घाई. तिसऱ्यात पुन्हा सोडवायच्या तारखा: दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं, महिन्यानं. फक्त बरोबर उत्तर उतरवून ठेवलं तर वही भरते, चूक तिथंच राहते. दुसरा रकाना महत्त्वाचा, आणि तोच रिकामा सुटतो.

त्या रकान्यात ‘घाई’ पुन्हा पुन्हा आली तर नवं पुस्तक आणून काही होत नाही. प्रश्न वाचतानाच ‘अयोग्य’ आणि ‘नाही’ या शब्दांखाली पेन्सिलनं रेघ ओढायची.