नाथसागराच्या गाळावरची फुलं: आधी पेर बघा, मग फूल

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मी आणि माझी भाची पैठणला जाऊन आलो. सगळे नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर जातात ते फ्लेमिंगो नि पट्टकदंब हंस बघायला, आम्ही मात्र मान खाली घालून चाललो, कारण धरणाचं पाणी मागे हटलं की जो ओला काळा गाळ उघडा पडतो त्याच्यावर हिवाळ्यात इतकी फुलं येतात आणि कोणी वाकून बघत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

संभाजीनगरहून साधारण 50 किमी. साडेसहाला निघा. पैठणच्या अलीकडे उजव्या हाताला बॅकवॉटरकडे कच्चे रस्ते जातात, गाडी डांबरीवरच ठेवायची. आधी गाळपेरीची शेतं लागतात, गहू हरभरा उभा असतो, तिथून विचारूनच जा. पुढे गाळ. वरून वाळलेली खपली दिसते पण खाली लोणी असतं, माझा पाय गुडघ्यापर्यंत गेला आणि काढताना सँडलचा पट्टा तुटला. म्हशींची वाट धरून चालायचं, हातात काठी, आणि बूट नकोत, मागे पट्टा असलेले घट्ट सँडल बरे.

पहिलीच भेट तालिमखाना या काटेरी रोपाची. जांभळी फुलं बघून भाचीने थेट हात घातला आणि बोटात काटा गेला. मग नीट बसून बघितलं तर प्रत्येक पेरावर, म्हणजे खोडावर पान फुटतं त्या गाठीवर, गोल झुबका, त्यात फुलं आणि बाहेरून सहा लांब पिवळसर काटे. हे सहा काटे दिसले की दुसरं काही असूच शकत नाही, फूल गळून गेलेलं असलं तरी ओळखता येतं. म्हणून म्हणते, आधी पेर बघा. शेरळचंही तसंच, गुलाबी तुरा लांबून कशासारखाही वाटतो पण प्रत्येक पेराला पातळ कागदासारखी नळी गुंडाळलेली असते, नखाने अलगद सोडवून बघा.

सगळ्यात जास्त घोळ ब्राह्मीचा. आपल्याकडे दोन वेगळ्या झाडांना ब्राह्मी म्हणतात. गाळावर पसरलेली जी खरी पाण्यातली, तिची पानं छोटी, जाड, रसरशीत, समोरासमोर, आणि फूल फिकट जांभळट पांढरं, पाच पाकळ्यांचं. गोल, कातरलेल्या कडेचं लांब देठाचं पान असेल तर ती मंडूकपर्णी, तिची फुलं इतकी बारीक की पानं बाजूला सारल्याशिवाय दिसतच नाहीत. तिथेच शेजारी जलपिंपळी होती, काडेपेटीच्या गुलाएवढं डोकं आणि त्याच्याभोवती पांढऱ्या फुलांची कडी, आम्ही दोघी पोटावर झोपून दहा मिनिटं तेच बघत होतो.

तेवढ्यात म्हशी घेऊन एक बाबा आले, "काय हुडकायलात?" म्हणाले. फुलं बघायलो म्हटल्यावर त्यांनीच बेशरम आणि नाळीची भाजी यातला फरक दाखवला. फुलं दोन्हीची गुलाबी भोंग्यासारखी. बेशरम झुडपासारखी उभी वाढते, पान बदामाच्या आकाराचं, शेळ्यांना विषारी. नाळी पाण्यावर नाहीतर चिखलावर सरपटते, पान बाणासारखं, देठ आतून पोकळ. त्यांनी एक देठ मोडून फुंकर मारून दाखवली.

फोटोचं सांगते. नुसत्या फुलाचा फोटो झाडं ओळखायच्या ॲपमध्ये टाकला की ते हमखास चुकतं. एका झाडाचे चार फोटो घ्या: पूर्ण झाड, पेर, पानाची मागची बाजू, आणि शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फूल. उपटायचं मात्र काही नाही, 1986 पासून हे पक्षी अभयारण्य आहे, आणि थवे बसलेत त्या बाजूला जाऊच नका.

माणशी दोन लिटर पाणी घ्या, गाळावर सावली अजिबात नाही. आम्ही साडेदहाला फिरलो. जाताना बाबांनी गोरखमुंडीचा एक गोंडा दाखवला, जांभळट, सुपारीपेक्षा लहान, खोडाला दातेरी पंख, हाताला वास राहतो. म्हणाले, "मार्चात या, पाणी अजून मागं सरकतंय, तवा ह्या सगळ्या पट्ट्यात हीच असती."