‘कयाधू’ कोणाकडं आहे? गावच्या ग्रंथालयात ई-रीडर देताना

मी वसमत तालुक्यातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. खाली अभ्यासिका, वर देवघेव विभाग, आणि जिन्यातसुद्धा पुस्तकांचे गठ्ठे. शासनाचं अनुदान येतं, पण ते सेवकांचं वेतन, ग्रंथखरेदी आणि नियतकालिकं यांतच संपतं. त्यामुळं पुण्यात नोकरीला असलेल्या गावच्या पोरांनी वर्गणी काढून पैसे पाठवले आणि ‘पुस्तकं-कपाटं सोडून काहीतरी नवीन करा’ म्हणाले, तेव्हा कार्यकारी मंडळात लगेच दोन तट पडले. एका बाजूला पाण्याचं आरओ मशीन, दुसऱ्या बाजूला संगणक. मी ई-रीडर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायचं पाटीएवढं यंत्र, म्हटलं तर कोषाध्यक्ष काका म्हणाले, “सगळ्यांकडं मोबाइल हाय की ताई. ही पाटी घेऊन काय करायचं?”

वाद न घालता मी माझं स्वतःचं यंत्र आणि काकांचा मोबाइल दोन्ही घेऊन त्यांना गच्चीवर उन्हात नेलं. मोबाइलच्या काचेत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला, ई-रीडरवर अक्षरं दिसली. त्याचा ई-इंकचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शाईचा, पडदा छापील कागदासारखा बाहेरच्या उजेडावर वाचता येतो, आणि बॅटरी मुख्यतः पान उलटताना खर्च होते, म्हणून एकदा चार्ज केलं की आठवडे निघतात. आमच्याकडं वीज कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळं हा मुद्दा मंडळाला उजेडाच्या मुद्द्यापेक्षा जास्त पटला. मग मी अक्षर मोठं करून दाखवलं. काका म्हणाले, “आता दिसायलंय बघा.” ठराव मंजूर झाला. आरओ नंतर दुसऱ्या देणगीतून आलं, ते एक बरं झालं.

आठ यंत्रं घेतली. एकेक दहा हजारांच्या पुढं. खरेदीचं विशेष सांगण्यासारखं काही नाही. दरपत्रकं मागवली, बिलं लावली, झालं.

अडलं ते नोंदवहीत. आपला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा. दाखल नोंदवहीत ग्रंथाचं नाव, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत असे रकाने. यंत्र हा ग्रंथ नाही, आणि त्यातल्या ग्रंथाला पाठीवर चिकटवायचा क्रमांक नाही. तपासणीच्या वेळी सवाल येणार हे उघड होतं. शेवटी आमच्या लेखापरीक्षकांशी बोलून ठरवलं की यंत्रं टेबल-खुर्च्यांसोबत जडवस्तू नोंदवहीत जातील आणि आतल्या पुस्तकांची वेगळी ई-सूची राहील. ई-सूचीतली पुस्तकं ग्रंथसंख्येत धरायची नाहीत. मोह होता, कारण ग्रंथसंख्या वाढली की ग्रंथालयाचा वर्ग, म्हणजे शासनदरबारचा दर्जा, वाढायची आशा असते. पण फुकट उतरवलेल्या फायली मोजून वर्ग वाढवणं मला पटत नाही.

आता खरा किचकट भाग. यंत्रात काय भरायचं?

मंडळातल्या एका तरुण सदस्याचं म्हणणं सोपं होतं. एका खात्यावर पुस्तकं विकत घेऊ आणि आठही यंत्रांवर टाकू. मी किंडल या अ‍ॅमेझॉनच्या ई-रीडरच्या अटी उघडून दाखवल्या. तिथं स्वच्छ लिहिलंय की मजकूर विकला जात नाही, परवाना दिला जातो, तोही व्यक्तिगत, बिगरव्यापारी वापरापुरता. छापील पुस्तक एकदा विकत घेतलं की ग्रंथालय ते हजार जणांना देऊ शकतं. ई-पुस्तकाचं तसं नाही. परदेशात ग्रंथालयं खास परवाने घेऊन ई-पुस्तकं देतात, पण तशी सोय आमच्यासारख्या गावच्या मराठी ग्रंथालयाच्या आवाक्यात मला दिसली नाही. म्हणून नियम केला: यंत्र द्यायचं, आणि त्यात फक्त दोन प्रकारची पुस्तकं. एक, ज्यांचा स्वामित्वहक्क संपलाय ती. दोन, ज्यांच्या लेखकानं आम्हाला लेखी परवानगी दिलीय ती.

पहिल्या प्रकारचं गणित १९५७ च्या कायद्यातलं. लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष सुरू झालं की तिथून साठ वर्षं मोजायची. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुलं. मरणोत्तर छापलेल्या पुस्तकाची साठ वर्षं प्रकाशनापासून धरतात, आणि अनुवाद असेल तर अनुवादकाची तारीख वेगळी बघावी लागते. मी एक वहीच केली: लेखक, मृत्यूचं वर्ष, हक्क संपल्याचं वर्ष. जिथं शंका आली ते पुस्तक बाजूला. संतसाहित्याला ही अडचण नाही असं वाटतं, पण एखाद्या संपादकानं अलीकडं लिहिलेल्या टीपा आणि प्रस्तावना त्याच्याच असतात. ओव्या घ्यायच्या, टीपा सोडायच्या.

मराठी विकिस्रोत हे हक्कमुक्त पुस्तकांचं मोफत संकेतस्थळ इथं फार कामाला आलं. तिथून पुस्तक थेट ईपब करून उतरवता येतं. ईपब म्हणजे अक्षर लहान-मोठं केलं की ओळी आपोआप जुळवून घेणारी फाइल. कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर टाकून त्यातून यंत्राला मानवेल तसं रूप बदलून केबलनं भरायचं. ‘फॉन्ट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये मुक्त देवनागरी टंक टाकला की अक्षर ठसठशीत दिसतं.

पण मराठी पुस्तकं नेटवर जास्त करून पीडीएफमध्ये आहेत, आणि सहा इंची पडद्यावर पीडीएफ म्हणजे डोळ्यांची परीक्षा. पान जसंच्या तसं आक्रसून बसतं. अक्षर मोठं करायला गेलं की ओळीचा शेवट पडद्याबाहेर. ज्या एका गुणासाठी यंत्र आणलं तोच गुण जातो. मग वाटलं, पीडीएफचं ईपब करू. एका स्थानिक कवीनं आनंदानं परवानगी दिली आणि छपाईची फाइलही पाठवली. ती कॅलिबरमधून काढली तर कवितेच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. कारण पुस्तक युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांवर देवनागरी सारखीच ओळखली जाते त्या पद्धतीच्या, आधीच्या छपाई-जुळणीच्या (डीटीपी) फॉन्टमध्ये जुळवलेलं. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरीचं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट काढून घेतला की उरतं ते इंग्रजी. परिवर्तक मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरांवर घसरतात. ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘र्‍हस्व’ असे शब्द एकेक करून हातानं दुरुस्त करावे लागले. स्कॅन केलेल्या पुस्तकांसाठी टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मराठी ओळखतं, फक्त जुन्या शिळाप्रेसच्या छपाईवर त्याची दांडी गुल होते.

नवीन यंत्र बघून लोक किंमत विचारतात. किंमत सगळ्यात शेवटी येते. वाचण्याजोगा स्वच्छ मराठी मजकूर मिळवणं हेच यातलं ऐंशी टक्के काम.

वाचन प्रेरणा दिनाला, १५ ऑक्टोबरला, देणं सुरू केलं. फोटो झाले, नारळ फुटला. यंत्रांना नुसते क्रमांक देण्यापेक्षा मराठवाड्यातल्या नद्यांची नावं दिली: कयाधू, पूर्णा, आसना, दुधना, मांजरा, तेरणा, सिंदफणा, बिंदुसरा. सेटिंगमध्ये नाव बदलता येतं, आणि कव्हरवर पांढऱ्या रंगानं लिहिलं. खातं ग्रंथालयाच्या नावाचं, त्याला कुठलंही कार्ड जोडलेलं नाही, आणि पालक नियंत्रण लावून दुकान व ब्राउझर बंद.

अनामतीवरून मंडळात पुन्हा जुंपली. यंत्राच्या किमतीएवढी अनामत घेतली तर फक्त बागायतदारच वाचणार. आधारची झेरॉक्स नको म्हणून मी हटून बसले, कारण असल्या झेरॉक्स शेवटी कुठं फिरतात ते सगळ्यांना माहीत आहे. मग नेहमीचीच अनामत आणि दुसऱ्या एका सभासदाची जामीन म्हणून सही, असं ठरलं. गावात जामिनाची सही म्हणजे मोठी गोष्ट. जामीनदारच आठवण करून देतो, “अगं, ताईंचं यंत्र नेऊन दे.” चार्जिंगची केबल आम्ही देत नाही. पंधरा दिवसांना बॅटरी पुरते, केबल हरवत नाहीत आणि कोणी मोबाइलचा भलताच चार्जर लावत नाही. कुणाची बॅटरी संपलीच तर ग्रंथालयात यायचं, तेवढीच भेट.

स्पर्धा परीक्षेची पोरं हे घेतील असा मंडळाचा अंदाज होता. पोरांनी हातात घेतलं, पान हळू उलटतं म्हणून नाक मुरडलं आणि मोबाइलवरच्या नोट्सकडं वळली. नेणारे वेगळेच निघाले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची वाट बघणारे निवृत्त गुरुजी एका पानावर जेमतेम सहा-सात ओळी मावतील एवढं अक्षर करतात आणि दर मिनिटाला पान उलटतात. घरात दिवा लावला की नवऱ्याची झोपमोड होते म्हणून यंत्रातल्याच मंद दिव्याच्या उजेडात वाचणाऱ्या तिघी-चौघी आहेत. त्यातल्या एकीनं मला विचारलं होतं, “ताई, मी काय वाचते ते ह्यात कुणाला दिसतं का?” तेव्हापासून यंत्र परत आलं की कुठलं पुस्तक कितव्या पानावर आहे ते न बघता मी वाचनाच्या खुणा पुसून टाकते.

आमचा भाग हळदीचा. फेब्रुवारीपासून शेतोशेती हळद शिजते, वाळते, पॉलिश होते, आणि त्या दिवसांत परत आलेल्या यंत्रांच्या उजव्या कडेला खाली हमखास पिवळा अंगठा उमटलेला असतो, बरोबर पान उलटायच्या जागी. काच ओलसर मऊ कापडानं निघते. कव्हरचा पिवळा निघत नाही. कव्हरकडं बघून मला कळतं, कोणतं यंत्र हंगामात जास्त फिरलं. ‘कयाधू’ सगळ्यात पिवळी. कारण काही नाही, नाव ओळखीचं म्हणून लोक तीच मागतात. आत सगळ्यांत सारखीच पुस्तकं आहेत हे सांगून थकले.

एकदा ‘सिंदफणा’ गोठली, कशानंच हलेना. बटण चाळीस सेकंद दाबून धरलं की ती पुन्हा सुरू होते. हा उपाय आता देवघेवीच्या टेबलावर चिकटवलाय.

यंदा पुण्याच्या पोरांनी आणखी चार यंत्रं घेऊ का म्हणून विचारलं. मी नको म्हणाले. त्या पैशात अभ्यासिकेतल्या, टंकलेखन येणाऱ्या दोन मुलींना पानामागं मोबदला देऊन ग्रंथालयाच्या जुन्या वार्षिक अंकांतले लेख युनिकोडमध्ये टाइप करून घेणं चालू आहे. हयात लेखकांच्या सह्या घेतल्यात, गेलेल्यांच्या वारसांची पत्रं यायची आहेत. मुद्रितशोधन गुरुजी करतात, ‘तेरणा’वर, त्यांच्या त्या सहा-सात ओळींच्या अक्षरात. चूक सापडली की पानाचा आकडा न लिहिता आख्खं वाक्य वहीत उतरवतात, कारण त्यांच्या अक्षरात पान वेगळं आणि मुलींच्या संगणकावर वेगळं.