राघोबा अटकेपार

आमच्याकडे दोन बदकं आहेत. दोन वर्षांपूर्वी मामाने ती सायखेड्याहून टोमॅटोच्या कॅरेटमध्ये घालून आणली, तेव्हा दोन्ही एका ओंजळीत मावत होती. आम्ही राहतो आनंदवल्लीत, म्हणजे थेट आनंदीबाईंच्या नावाच्या गावात, आणि बाबांना पेशवाईचं वेड. त्यामुळे नावं ठरायला पाच मिनिटंही लागली नाहीत. राघोबा आणि आनंदी. नर कोण आणि मादी कोण हे त्या वयात कळत नाही, तो जुगारच होता आणि तो बाबांना लागला. पुढे एकाची मान हिरवी झाली, शेपटीवरचं पीस उलटं वळलं आणि आवाज कायमचा बसला. दुसरीचा आवाज असा सुटला, की शेजारच्या काकूंना सकाळचा गजर लावायची गरज उरली नाही. बदकाचा म्हणून जो आवाज आपण ऐकतो तो मादीचाच. नर बिचारा घशातल्या घशात खरखरतो. "इतिहासाला धरूनच आहे," बाबा म्हणाले. आईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्ताशांचा नैवेद्य दाखवून आम्ही अंगणात आलो, तोच मागच्या गल्लीत कुणीतरी हजारची माळ लावली. राघोबा तुळशीपाशी होता. तो चार पावलं धावला, पंख फडफडले, आणि मग जे झालं ते आम्ही तिघांनी आ वासून पाहिलं. कंपाउंडची भिंत, भिंतीवरची जास्वंद, शेजारच्यांचा आकाशकंदील, एकेक ओलांडत तो वर चढला आणि अमावास्येच्या काळोखात दिसेनासा झाला.

बाबा आकाशाकडे बघत म्हणाले, "अरे, पण याचे पंख कापलेत!"

कापले होते, पण गेल्या वर्षी. मामानेच एका बाजूची लांब पिसं कात्रीने कापून दिली होती. नखं कापल्यासारखं असतं ते. दुखत काही नाही, पण एकाच बाजूची पिसं गेल्यामुळे हवेत तोल जातो आणि उडणं जमत नाही. मात्र बदकं वर्षातून एकदा ही पिसं झाडून टाकतात आणि नवी येतात, हेही मामाने तेव्हाच सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नव्हतं. अंगणात महिनाभर पिसं पडत होती तेव्हा आईने ती गोळा करून बरणीत ठेवली, छान दिसतात म्हणून. आपल्या डोळ्यांदेखत एक बदक पंख दुरुस्त करून घेतंय हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

रात्रीच फोन लावला तर मामा म्हणाला, "दाजी, आत्ता बाहेर पडू नका, अंधारात काही दिसायचं नाही. जवळचं पाणी बघेल ते. उजाडल्यावर गंगेवर जा."

गंगा म्हणजे गोदावरी. आम्हा नाशिककरांना एवढी पुरते.

त्या रात्री आनंदी झोपली नाही, म्हणून आम्हीही नाही. नदीच्या दिशेला तोंड करून ती ओरडत राहिली. संस्कृत कवींनी चक्रवाकाची जोडी रंगवली आहे. रात्र झाली की नर एका काठावर, मादी दुसऱ्या काठावर, आणि पहाटेपर्यंत एकमेकांना हाका. हे चक्रवाक हिवाळ्यात आपल्या नांदूर मध्यमेश्वरला येतात, तेव्हा दुर्बिणीतून पाहताना मला तो विरह फार सुंदर वाटायचा. खिडकीखाली सहा तास ऐकल्यावर मत बदललं. एकाही कवीने आवाजाच्या पट्टीबद्दल अवाक्षर काढलेलं नाही.

पाडव्याला सकाळी मी आणि बाबा निघालो. एरवी लोक संशयाने बघतात, पण दिवाळीत कुणाचंही दार वाजवा, आत या म्हणतात. बदक नाही दिसलं, पण बसा तरी. बदक कसं होतं हो, हा चिवडा घ्या. पहिल्या घरी चकली, दुसऱ्या घरी अनारसा, तिसऱ्या घरी रव्याचा लाडू आणि वर चहा. पाचव्या घरानंतर राघोबा समोर आला असता तरी आमच्याच्याने धावणं झालं नसतं.

खरी पंचाईत वेगळीच होती. "ओळखीची खूण काय?" असं एका आजींनी विचारलं आणि आम्ही दोघं गप्प. हिरवी मान, पिवळी चोच, हे सगळ्याच नरांचं. फोनमध्ये फोटो पाहिले तर एकात नुसती शेपूट, एकात धुरकट काहीतरी, बाकीच्यांत माझा चेहरा आणि मागे बदकाचं अर्धं अंग. दोन वर्षं रोज ज्याला दाणे टाकले त्याचं वर्णन आम्हाला चार ओळी करता येईना. शेवटी बाबा म्हणाले, "तो जरा रागीट आहे." आजींनी समजूतदारपणे मान हलवली.

हाक मारायचीही तीच गत. कुत्र्याला यू यू, कोंबड्यांना ती ती ती, मांजराला मनी मनी. बदकाला काय? नदीकाठी उभं राहून "राघोबाऽ" म्हणून ओरडून पाहिलं. नवश्या गणपतीला आलेले दोन गृहस्थ थांबले, बाबांच्या वयाकडे आणि नदीकडे बघून त्यांना वेगळीच शंका आली असावी. त्यांची समजूत काढण्यात दहा मिनिटं गेली. आईने मात्र तोवर देवळात एकवीस मोदकांचा नवस बोलून टाकला होता.

दुपारी कागद चिकटवायचे ठरलं. बाबांचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून तेच लिहायला बसले. 'हिरव्या मानेचे पाळीव बदक हरवले आहे. दिसल्यास' इथपर्यंत आले आणि पेन थांबलं.

"काय झालं?"

"पुढे 'धरावे' लिहावं लागेल," बाबा म्हणाले. "आनंदवल्लीत. बदकाचं नाव राघोबा."

ध चा मा ही दंतकथा असेल, नसेल, पण माणसाने धोका का पत्करावा? 'दिसल्यास कळवावे' असं लिहून आम्ही सात कागद चिकटवले. त्यावर एकच फोन आला. बदक विकायचंय का, असं विचारणारा.

भाऊबीजेला माझा भाऊ पुण्याहून आला आणि ओवाळून घ्यायच्या आधीच म्हणाला, "आनंदीला का नाही नेलं?" एवढी साधी गोष्ट. ज्या आवाजाने आम्हाला दोन रात्री झोपू दिलं नाही, तो आम्ही घरात कोंडून ठेवला होता आणि स्वतः हाका मारत हिंडत होतो. टोमॅटोचं तेच जुनं कॅरेट काढलं, त्यात आनंदीला बसवलं, वर दुसरं कॅरेट बांधलं. भाऊ स्कूटरवर पुढे, मी मागे कॅरेट मांडीवर घेऊन. सिग्नलला शेजारच्या रिक्षातलं पोर आणि आनंदी एकमेकांकडे बघत राहिले.

आमच्या काठावर ती ओरडली, काही नाही. मग चांदशीकडच्या पुलावरून पलीकडे गेलो. उतारावर कॅरेट ठेवलं, आनंदीने सूर लावला, आणि पानवेलींच्या मागून तो ओळखीचा खरखरता आवाज आला. बसलेला घसा एवढा गोड कधी लागला नव्हता. हळदी-कुंकू बदकांच्या घोळक्यात तो होता. या रानबदकांच्या काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके, म्हणून हे नाव. त्या सुवासिनींच्या मेळ्यात आमचा एकटा हिरव्या मानेचा पाहुणा, आणि त्या त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हत्या.

तो पोहत आला खरा, पण काठापासून दहा फुटांवर थांबला. भावाने डब्यातले बाजरीचे दाणे खडखडवले. दाण्यांचा डबा ही खरी हाक, हे आम्हाला तेव्हा कळलं. राघोबा घाईघाईने चिखल तुडवत वर आला, कॅरेटला चोच लावून उभा राहिला आणि मी ओढणी टाकली.

घरी बाबा फाटकातच उभे होते. "कुठे होता?"

"पलीकडच्या काठावर."

"अटकेपार!" बाबा म्हणाले. 1758 नंतर त्यांना एवढा आनंद झालेला कुणी पाहिला नसेल.

संध्याकाळी आईने एकवीस मोदक केले. बाबांनी कात्री आणली, पंख उघडून धरला आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. मग एका बाजूची सहा-सात पिसं कापली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांच्या खुणांशेजारी, त्यांनी पुढच्या वर्षीसाठी शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलंय : वसुबारस, राघोबाची कटिंग.