सौर पंपाचा हिशेब सरासरीवर मांडू नका

सौर पंपाच्या आर्थिक अहवालात पहिल्याच पानावर 'गुंतवणूक इतक्या वर्षांत वसूल' असा ठसठशीत आकडा असतो. तो खोटा असतोच असं नाही. पण दिवसाचं सरासरी ऊन, विहिरीची सरासरी पातळी आणि वर्षाचं सरासरी उत्पन्न अशा तीन सरासऱ्या धरून तो काढलेला असतो, आणि शेतीत नेमक्या याच तीन गोष्टी सरासरीने वागत नाहीत.

आधी पाण्याचं गणित पाहू, कारण ते चुकलं की पुढचं अर्थशास्त्र वाया जातं. एक घनमीटर पाणी एक मीटर वर उचलायला साधारण २.७ वॅट-तास ऊर्जा लागते. म्हणून घनमीटर गुणिले मीटर भागिले ३६७ केलं की उत्तर थेट युनिटमध्ये मिळतं. समजा रोज ६० घनमीटर पाणी हवंय आणि एकूण हेड, म्हणजे पंपाला पाणी जितकं वर ढकलावं लागतं ती उंची, ४० मीटर आहे. निव्वळ पाण्याची ऊर्जा झाली ६.५ युनिट. पंप आणि मोटर मिळून ४५ टक्के कार्यक्षमता धरली, तर मोटरला १४.५ युनिट द्यावे लागतात. धूळ, उष्णता, वायर आणि कंट्रोलर यांत २५ टक्के घट धरली की पॅनेलकडून १९.४ युनिट हवेत. पूर्ण तीव्रतेचं ऊन दिवसाला ५ तास धरलं, तर जवळजवळ ४ किलोवॅटची पॅनेल लागतात.

हेड म्हणजे विहिरीत दिसणारी पातळी नव्हे. उपसा सुरू झाल्यावर पाणी जितकं खाली बसतं ते, जमिनीच्या वर जिथवर चढवायचं ती उंची आणि पाइपातलं घर्षण, हे सगळं त्यात येतं. घर्षणाकडे हमखास दुर्लक्ष होतं. घर्षणातली घट पाइपाच्या व्यासाच्या जवळपास पाचव्या घाताने बदलते. ७५ मिलिमीटरच्या जागी ६३ चा पाइप टाकला की प्रवाह तोच ठेवूनही घट सव्वादोन पटींहून जास्त होते. पाइपात वाचवलेले पैसे मग वीस वर्षं पॅनेलच्या रूपाने भरत बसायचं!

उष्णतेचंही तसंच. पॅनेलवर छापलेली वॅट क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते. भर उन्हात सेलचं तापमान ६० अंशांवर सहज जातं आणि सिलिकॉन सेलची क्षमता दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने घसरते, म्हणजे १४ टक्के तिथेच गेले. शिवाय सेंट्रिफ्यूगल, म्हणजे पाणी गरगर फिरवून दाब तयार करणाऱ्या, पंपाचा दाब फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे बदलतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात मोटर फिरताना दिसते, पण पाणी वर येत नाही, कारण तेवढ्या फेऱ्यांत पुरेसा दाबच तयार होत नाही. 'पंप सात तास चालतो' या उत्तरातले एक-दोन तास असे कोरडेच असतात.

आता पैशांकडे. पूर्ण संचाची किंमत १०० धरा, आयुष्य २० वर्षं. ८ टक्के व्याजदराने वार्षिक बोजा १०.२ येतो, तर १२ टक्क्यांनी १३.४. दहाव्या वर्षी मोटर-कंट्रोलर बदलायला २५ खर्च येणार असेल, तर ८ टक्क्यांच्या हिशेबात त्याची आजची किंमत ११.६, म्हणजे वर्षाला आणखी १.२. बोजा ११.४ झाला. त्याला वर्षाच्या किती युनिटने भागायचं, यातच खरी गोम आहे. वरचा संच मोटरला दिवसाला साधारण १४.५ युनिट देतो. वर्षात १२० दिवसच सिंचन असेल तर १,७४० युनिट वापरात येतात, ३०० दिवस वापर असेल तर ४,३५०. त्याच पॅनेलवरचं युनिट एका ठिकाणी दुसऱ्यापेक्षा अडीच पट महाग! म्हणून चांगल्या प्रतीचं पॅनेल शोधण्याआधी उरलेल्या दिवसांची वीज कुठे जाईल ते ठरवावं: पीठ गिरणी, कडबाकुट्टी, शीतगृह किंवा ग्रिडला विक्री. यातलं काहीच जमत नसेल तर चाकं लावलेला एक संच तीन शेतांत फिरवलेला परवडतो, फक्त पाळ्या आधी लिहून ठरवाव्या लागतात.

तक्त्यात दोन चुका वारंवार सापडतात. पहिली, डिझेलचे भाव महागाईसह वाढवत न्यायचे आणि व्याजदर मात्र महागाई वजा करून वापरायचा. असं केलं की कुठलाही सौर प्रकल्प फायद्यातच दिसतो. दुसरी, अनुदान. शेतकऱ्याच्या हिशेबात ते किमतीतून वजा होतं. समाजाच्या हिशेबात होत नाही, तिथे पैसा फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला असतो. दोन्ही हिशेब वेगवेगळे मांडावेत.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डिझेल पंपावर वरच्या उपशाला दिवसाला पाच-सहा लिटर इंधन जातं, त्यामुळे बांधावर पाणी वाहायला लागलं की माणूस धावत जाऊन इंजिन बंद करतो. सौर पंपावर पुढच्या घनमीटरचा खर्च शून्य. मग बंद कशाला करायचा? कार्यक्षमता वाढली की वापर घटण्याऐवजी वाढू शकतो, हे इंग्रज अर्थतज्ज्ञ जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशाबद्दल मांडलं होतं. भूजलाबाबत फायफर आणि लिन या अर्थतज्ज्ञांचा २०१४ चा अभ्यास बोलका आहे: अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये जास्त कार्यक्षम तुषार यंत्रणा आल्यावर उपसा कमी न होता वाढला, कारण शेतकरी जास्त पाण्याच्या पिकांकडे वळले. ठिबकचंही तेच. हेक्टरला दिवसाला ६ मिलिमीटर पाणी पिकाला हवं असेल तर ठिबकवर ९० टक्के कार्यक्षमतेने ६७ घनमीटर लागतात, पाटपाण्यावर ५५ टक्क्यांनी १०९. पण हे ४२ घनमीटर 'वाचले' म्हणताना पाटपाण्यातलं बरंचसं पाणी मुरून पुन्हा भूजलात जात होतं, हे विसरू नये. ठिबकमुळे त्याच विहिरीवर आणखी अर्धा हेक्टर ओलिताखाली आला, तर बाष्पीभवनातून कायमचं जाणारं पाणी वाढतंच. इथे ग्रिडला वीजविक्रीचा पर्याय कामाला येतो: न उपसलेल्या पाण्याला किंमत येते. मात्र दर इतका हवा की शेवटच्या पाळीचं पाणी देण्यापेक्षा वीज विकणं परवडेल.

मग दुष्काळाच्या वर्षी काय होतं? ऊन तर भरपूर असतं, उलट आकाश जास्तच मोकळं. पण हेड ४० चं ५५ मीटर झालं की त्याच विजेत ६० च्या जागी ४४ घनमीटर पाणी मिळतं, आणि तेही कार्यक्षमता टिकली असं धरून. त्यात भूजल उतरतं ते सगळ्यांचं एकदम, त्यामुळे शेजारच्या विहिरीचा आधार त्याच वर्षी नसतो. विहिरीत पाणीच पुरेसं नसेल तर मोटर कोरडी फिरते. पातळीचा सेन्सर नसला की सील आणि बेअरिंग आधी जातात.

म्हणून तग धरण्याची क्षमता सरासरीत मोजता येत नाही. एका शेताचं पाच वर्षांचं उत्पन्न ३०, २८, ३१, २७ आणि ९ क्विंटल. दुसऱ्याचं २५, २४, २६, २३ आणि २२. सरासरी पहिल्याची जास्त, २५ विरुद्ध २४. पण घरखर्च आणि कर्जाचा हप्ता मिळून दरवर्षी १८ क्विंटल लागत असतील, तर पहिल्या घराला पाचव्या वर्षी बैल विकावे लागतात आणि पुढची पेरणीही अडते. अहवालात सर्वांत वाईट वर्षाचा आकडा आणि घर पुन्हा पूर्वपदावर यायला लागलेले हंगाम, हे दोन स्तंभ हवेतच.

वीज आली की गावाचा विकास आपोआप होतो, हेही तपासून घ्यावं. अर्थतज्ज्ञ डिंकलमन यांना २०११ च्या अभ्यासात दक्षिण आफ्रिकेत विद्युतीकरणानंतर स्त्रियांचा रोजगार वाढलेला दिसला. तर ली, मिगेल आणि वोल्फ्रम या अर्थतज्ज्ञांच्या २०२० च्या केनियातल्या प्रयोगात घरगुती जोडणीचा लाभ खर्चाहून कमी भरला. पंपांच्या अभ्यासात आणखी एक सापळा असतो. पंप आधी घेतो तो ज्याची विहीर खोल, ज्याच्याकडे भांडवल. त्याची तुलना पंप नसलेल्याशी केली की विहिरीचं आणि भांडवलाचं श्रेय पंपाला जातं. पंप बसण्याआधीचे किमान दोन हंगाम मोजलेले असावेत आणि तुलनेला अर्ज करूनही पंप न मिळालेले शेतकरी घ्यावेत.

पाहणीत 'पंप किती तास चालतो' असं विचारण्याऐवजी पाइपावर पाण्याचा मीटर बसवा. ते जमत नसेल तर २०० लिटरचा पिंप आणि घड्याळ पुरे: सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि चार वाजता पिंप भरायला लागणारे सेकंद लिहा, शेजारी दोरी सोडून मोजलेली पाण्याची पातळी. हे मोजमाप पावसाळा संपल्यावर लगेच करू नका. तेव्हा प्रत्येक विहीर चांगलीच दिसते. उन्हाळ्याच्या शेवटच्या पंधरवड्यात करा.