एक किलो तीनशे ग्रॅम

पुतणीच्या बॅडमिंटन मॅचचे माझे सगळे फोटो रवाळ यायचे. हातात कॅननची ५५-२५० मिमीची झूम. बाहेर उन्हात गुणी लेन्स, पण हॉलमध्ये झूम केलं की एफ ५.६, म्हणजे अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) लहान. स्मॅश गोठवायला शटर १/८०० सेकंद ठेवलं की आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता; वाढली की फोटो रवाळ) थेट १२८००.

मला आपलं वाटत होतं, अजून लांबची लेन्स हवी. ७०-३०० बघूनही ठेवली होती. मग एका रात्री जुन्या फोटोंचे आकडे तपासले, तर बहुतेक फोटो ७० ते १५० मध्येच काढलेले! कमी पडत होता तो उजेड. एफ ५.६ च्या जागी एफ २.८ म्हणजे दोन स्टॉप, चौपट उजेड, म्हणजे त्याच शटरला आयएसओ ३२००. नवी परवडणार नव्हती, म्हणून १९९५ सालचं मॉडेल शोधलं: ७०-२०० एफ २.८, आयएस (हाताची थरथर सावरणारी सोय) नसलेलं.

पहिली लेन्स बाहेरून चकाचक होती. मोबाइलचा टॉर्च मागून मारला, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. नमस्कार करून निघालो.

दुसरी एका लग्नाच्या फोटोग्राफरची. नवा मिररलेस कॅमेरा घेतल्यापासून त्यांची ही पडून होती. रंग उडालेला, पुढच्या काचेवर केसाएवढा ओरखडा. "घाई करू नका, हवं तेवढं तपासा," म्हणाले आणि स्वतःच कॅमेऱ्याच्या दिशेने चालत आले, फोकस त्यांच्यासोबत येतो का ते मला दिसावं म्हणून. येत होता. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून २०० वर, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला फोटो काढला. चारही कोपरे सारखेच स्पष्ट. मागची काच स्वच्छ होती. पुढच्या ओरखड्याचं मला फारसं काही वाटत नाही, मागच्या काचेवर असता तर घेतली नसती. त्या ओरखड्यापायी त्यांनी आपणहून किंमत उतरवली.

आयएस नसल्याने मॅचमध्ये काही अडत नाही. १/८०० ला हात थरथरला तरी चालतो, आणि पळणाऱ्या खेळाडूला आयएस थोडंच थांबवणार! बक्षीस समारंभात मात्र पंचाईत झाली. भाषणाला १/१२५ वर आलो आणि निम्मे फोटो हलले. शिवाय स्टेजवरचा दिवा समोरून आला की तो ओरखडा हजेरी लावतोच.

आता मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) घेतलाय. तोही जुनाच. लेन्सचं वजन १३१० ग्रॅम, त्यात कॅमेरा वेगळा. तिसऱ्या गेमपर्यंत डावं मनगट बोलायला लागतं. पुतणी म्हणते, "काका, फोटो मस्त आलेत, पण तुम्हीच जास्त दमलेले दिसता."